सात, सात, सात

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी फोटोग्राफर मंडळींनी एक स्पर्धा घेतली. विषय मोकळा, अट एकच: फोटो कृष्णधवल हवा. प्रवेश फी नाही, पहिलं बक्षीस एक ट्रायपॉड, शाल आणि नारळ. पत्रकावर 'मैत्रीपूर्ण स्पर्धा' असं ठसठशीत छापलेलं. परीक्षक तिघे, त्यातला एक मी. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या ८४ प्रिंट, सगळ्या बारा बाय अठरा. हातात पॅड, पॅडला गुणतक्ता, प्रत्येक फोटोला दहापैकी गुण, आणि संयोजकांचा प्रेमळ तगादा: "सर, एकपर्यंत उरकू या, जेवण गरम आहे."

उरकलं. पहिला आला तो एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा. सुरकुत्या, कपाळी बुक्का, डोळ्यांत पाणी, मागची गर्दी धूसर. कुठे काही चुकलेलं नव्हतं. तिघांनी सात, सात, सात दिले, बेरीज एकवीस. दुसरा आला तो पिठाच्या गिरणीचा. त्याला दहा, सहा आणि चार; बेरीज वीस. एका गुणाने ट्रायपॉड वारकऱ्याकडे गेला.

चार देणारा मी होतो.

का दिले ते पक्कं आठवतंय. हॉलच्या ट्यूबलाइट प्रिंटच्या चकचकीत कागदावर आडव्या पडल्या होत्या आणि जवळपास अख्खा फोटो पांढरा. मनात म्हटलं, हायलाइट उडालेत, म्हणजे उजळ भागातले बारकावेच गेलेत, पोराला एक्स्पोजर जमलेलं नाही, चला पुढे. फार तर आठ-दहा सेकंद. जेवणाआधी हात धुवायला गेलो, तेव्हा पंगतीला जागा करायची म्हणून कुणीतरी तीच प्रिंट बेसिनजवळच्या खिडकीखाली आणून ठेवली होती. बाहेर ढगाळ, सपाट उजेड. त्या उजेडात ती मला पहिल्यांदा दिसली. भिंत पांढरी, पत्र्याचा डबा पांढरा, गिरणीवाल्याचा हात कोपरापर्यंत पांढरा, पण एक पांढरं दुसऱ्यासारखं नव्हतं. आढ्याजवळ जळमटं होती. त्यांच्यावर पीठ बसून बसून ती सुतळीसारखी जाड झालेली, एकेक धागा मोजून घ्यावा. सबंध फोटोत खरं काळं दोनच ठिकाणी: मोटरीवरून निघालेला गिरणीचा पट्टा, आणि माणसाच्या पिठाळलेल्या पापण्यांखालची बुबुळं. मी तिथेच उभा राहिलो. निकाल तोवर फळ्यावर लिहून झाला होता.

तेव्हापासून मी भेटेल त्याला एकच सांगत सुटलोय, ते इथेही सांगतो. मैत्रीपूर्ण स्पर्धेत गुणतक्ता नको. परीक्षकांनी फोटोसमोर उभं राहावं, स्पर्धकांच्या देखत मोठ्याने बोलावं, भांडावं, मत बदलावं, आणि मग एक फोटो निवडून तो का निवडला हे सांगावं. ज्याला हे जमत नसेल त्याने परीक्षक होऊ नये. मीही नाही.

बेरजेचं गणित दिसतं निष्पक्षपाती, पण त्याचाही एक कल असतो. बेरजेत जिंकतो तो कुणालाच न खटकलेला फोटो. ज्यावर एकाचा जीव जडतो आणि दुसऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तो फोटो नेहमी थोडक्यात हुकतो. आणि सात हा आकडा तर फार सोयीचा. पाहुण्यांकडच्या भाजीला आपण "छान झालीय" म्हणतो ना, तसा. कौतुक झालं, अंगाला काही लागलं नाही. वारकऱ्याच्या फोटोला आम्ही तिघांनी सात दिले, याचा अर्थ आमच्यापैकी कुणीही तो पहिला यावा म्हणून निवडला नव्हता. तरी तो पहिला आला. गिरणीला दहा देणाऱ्या बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी त्या वेळी नुसतं "अहो, वरची जळमटं बघितली का?" एवढं म्हटलं असतं तर माझे चार तिथेच खोडले गेले असते. पण बोलायचं नाही असा नियम होता. एकमेकांवर प्रभाव पडू नये म्हणून.

अहो, प्रभाव पडावा म्हणून तर तिघे बोलावतात! न बोलणारे तिघेच हवे असतील तर एकाच माणसाला तीनदा गुण द्यायला लावा, चहाचा खर्च वाचेल.

मोठ्या सलोनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय फोटो-स्पर्धांची, गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. तिथे देशोदेशीचे हजारो फोटो येतात. फियापसारख्या छायाचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पदव्या किती फोटो स्वीकारले गेले त्यावर मिळतात, म्हणून हिशेब चोख लागतो. परीक्षकाने बटण दाबायचं, पुढचा फोटो. तिथे प्रत्येक फोटोवर बोलत बसलं तर दिवाळी उजाडेल. पण आपल्या ८४ फोटोंच्या, शाल-नारळाच्या स्पर्धेने तीच पद्धत उचलायची म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटला थर्ड अंपायर बसवण्यासारखं झालं.

माझ्या चार गुणांमागे आणखी एक खोड होती. ती माझ्या एकट्याची नाही, म्हणून सांगतो. कृष्णधवल फोटो परीक्षकासमोर आला की तो आधी त्यात दाट काळं आणि स्वच्छ पांढरं शोधतो. दोन्ही सापडलं आणि मध्ये करड्याच्या पायऱ्या भरपूर असल्या की मान डोलावतो. हे आलं कुठून? अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अकरा पायऱ्या बसवल्या, शून्य ते दहा. पाच क्रमांकाची पायरी म्हणजे १८ टक्के प्रकाश परतवणारा मधला करडा. समोरच्या दृश्यातली कोणती जागा निगेटिव्हवर किती दाट यायला हवी, हे शटर दाबण्याआधीच ठरवता यावं म्हणून केलेलं ते अवजार. कारागिराच्या हातातली मोजपट्टी. पुढे कुणीतरी ती परीक्षकाच्या हातात छडी म्हणून दिली. सगळ्या अकरा पायऱ्या प्रत्येक फोटोत दिसल्याच पाहिजेत असा नियम त्यात कुठेच नाही. गिरणीचा फोटो जवळजवळ सगळा वरच्या तीन पायऱ्यांवर उभा होता, आणि पीठ तिथेच असतं. धुक्यातला महाबळेश्वरचा घाट काढणाऱ्याकडे आपण दाट काळं मागत नाही. मग पिठाकडे कशाला मागायचं?

परीक्षकाने विचारावा असा एकच प्रश्न मला खरा वाटतो: यातला रंग का काढला?

हा प्रश्न आजचाच आहे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना तो कुणी विचारला नसता. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या त्या बाईंनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या आसपासची वर्षं टिपली. तेव्हा वर्तमानपत्रं काळ्या-पांढऱ्यात छापली जायची, म्हणून फोटोही तसेच. त्यांच्यासाठी ती शैली नव्हती, रोजचं काम होतं. आज मोबाईलसुद्धा आधी रंगीत पाहतो आणि मग आपण बोट फिरवून रंग उतरवतो. जी गोष्ट मुद्दाम केली तिचं कारण विचारायला हरकत नाही.

आणि रंग उतरताना काय काय बुडतं ते बघण्यासारखं असतं. हिरव्या साडीचे लाल काठ घ्या. डोळ्याला दोन्ही एकमेकांवर ओरडत असतात. पण दोन्हींची उजळता सारखी असली तर कृष्णधवलात काठ आणि पदर एकाच करड्यात विरघळतात, साडी बिनकाठाची होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसायचाच नाही. कपाळावरचं कुंकू कोळशासारखं यायचं. (त्या फिल्मवर लाल दिव्याखाली काम करता यायचं ते त्यामुळेच.) आता संगणकावर एकेक रंग हवा तेवढा उजळ-गडद करणारे स्लायडर आहेत. पिवळ्याचं पांढरं करा नाहीतर काळं करा, मर्जी तुमची. म्हणजे रंग काढल्यावरही रंगाचाच विचार करावा लागतो. आमच्या स्पर्धेत जेजुरीचा एक फोटो होता, सोमवतीचा, भंडारा उधळतानाचा. हळदीचा सगळा पिवळा करडा होऊन गेलेला, खंडोबाच्या पायऱ्यांवर जणू कुणी सिमेंटची पोती फोडलीत. पंगतीत शेजारी तेच गृहस्थ बसले होते, म्हणून विचारलं, "भंडाऱ्याचा रंग का हो काढला?" ते म्हणाले, "स्पर्धा ब्लॅक अँड व्हाइटची होती ना!" उत्तर प्रामाणिक होतं. पण फोटो त्या एका वाक्यात बाद झाला, आणि गुणतक्त्यावर त्याला माझे सहा पडलेले होते.

वारकऱ्याकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. ८४ पैकी चेहऱ्यांचे फोटो मी नंतर मोजले: एकतीस. त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे आणि बहुतेक गरीब. कृष्णधवल म्हटलं की आपल्याकडे सुरकुत्या, चूल, विडी, फाटकं धोतर, रडणारं मूल. मध्यमवर्गीय माणसाचा, चष्मा लावून मोबाईलवर हप्ता भरणाऱ्याचा कृष्णधवल फोटो एकही नाही. त्याच्या चेहऱ्यावर कष्ट नसतात असं थोडंच आहे. गरिबीवरचा रंग काढला की ती आपोआप कलात्मक होते, असा एक समज आपण सगळ्यांनी मिळून पोसलाय, आणि तो पोसण्यात परीक्षकांचा वाटा मोठा. दरवर्षी बक्षीस सुरकुत्यांना मिळतं, म्हणून दरवर्षी सुरकुत्या येतात. आषाढात दिवेघाटाच्या वळणावर उभे राहा, एकेका पांढऱ्या दाढीसमोर चार-चार लेन्सा रोखलेल्या दिसतील. आम्ही बक्षीस वारकऱ्याला देतो, फोटोला देत नाही. फोटोत फोटोग्राफरने काय केलं, हे त्या चेहऱ्याच्या आड लपून जातं.

छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी यावर फार पूर्वी बोट ठेवलं होतं. हिंदुस्थान रंगात जगतो, कृष्णधवल ही पश्चिमेकडून आलेली, तिकडच्या अपराधी आणि एकाकी मनाची नजर आहे, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः आयुष्यभर रंगीतच काढत राहिले. मला ते अर्धंच पटतं. सुरकुत्यांच्या बाबतीत पटतं. पण एकरंगी पाहणं आपल्याला परकं आहे, हे कसं मानायचं? डहाणू-जव्हारकडे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढतात, ती एका पांढऱ्या रंगात. शेणाने सारवलेल्या अंगणात आजी ठिपक्यांची रांगोळी घालायची, तीही पांढरी. रंग भरायचे ते सणावारी. रंग सोडून रेषेवर भरवसा ठेवायला आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेलं नाही.

उलट दुःख काळ्या-पांढऱ्यातच खोल दिसतं, हेही खरं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुगळतीनंतर एका अनोळखी लहान मुलाला पुरताना दोन छायाचित्रकारांनी फोटो काढले. रघू राय यांचा कृष्णधवल, पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत. रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि कृष्णधवल फोटो भोपाळ म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो. या दोहोंत कोण किती गुणांनी पुढे, असा तक्ता भरायला कुणी बसेल का? बोलता मात्र येईल. रंग असल्याने काय उरलं आणि नसल्याने काय उरलं, यावर तासभर बोलता येईल.

नियमांचा बाऊ करणारा एक वर्ग आहे, त्याबद्दल थोडक्यात. कृष्णधवल म्हणजे काय, याची व्याख्या फियापकडे तयार आहे: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे करडे, सबंध फोटोला एकच छटा दिली, उदाहरणार्थ तपकिरी सेपिया, तरी चालेल, पण अर्ध्याच भागाला छटा दिली किंवा एखादा वेगळा रंग आणला की तो रंगीत विभागात. स्पष्ट आहे, घ्या. पुढे मात्र नियम कसे धावतात ते बघा. २०१० मध्ये युक्रेनच्या स्टेपान रुदिक या छायाचित्रकाराला वर्ल्ड प्रेस फोटोत क्रीडा विभागातलं तिसरं बक्षीस मिळालं आणि मग ते काढून घेतलं गेलं. मूळ फ्रेम रंगीत, ऐसपैस, बरीच माणसं असलेली. त्यातून हाताला पट्टी बांधतानाचा छोटा तुकडा कापून घेतला, रंग काढला, दाणेदार केलं, कडा काळवंडल्या. इथपर्यंत सगळं नियमात बसलं. बाद झाला तो बोटांमागे डोकावणारा कुणाच्या तरी पावलाचा तुकडा पुसला म्हणून. बातमीच्या फोटोला असा नियम हवाच, मी त्याच्या बाजूने आहे. पण तो नियम प्रामाणिकपणाचा झाला. फोटो चांगला की वाईट, हे त्यातून कळत नाही.

२०२३ मध्ये तर बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, बनवलेली प्रतिमा पाठवली, ती सर्जनशील विभागात जिंकली, आणि त्याने बक्षीस नाकारलं. दोन बायका, जुन्या काचेच्या प्लेटवर काढल्यासारखा कृष्णधवल फोटो. त्याने नेमका हाच पेहराव का निवडला, याचा माझा अंदाज असा: जुनं काळं-पांढरं समोर आलं की आपण नमस्कार करून मोकळे होतो, प्रश्न विचारत नाही. आपल्या गावातल्या स्पर्धेत यावर उपाय सोपा आहे. निवडलेल्या फोटोची मूळ फाइल मागवा आणि सगळ्यांना पडद्यावर दाखवा, चोर पकडायला म्हणून नव्हे, हा माणूस कुठून कुठे आला ते बघायला. मला तरी विजेत्या प्रिंटपेक्षा तो प्रवास बघायला आवडेल.

आता आक्षेप. गुण गेले की वशिला येतो, असं आमचे संयोजक म्हणाले. नावं झाकून गुण दिले की कुणाला बोलायला जागा राहत नाही. मी म्हटलं, नावं कसली झाकता, गावात गिरण्या तीन. कोणती गिरणी ते सगळ्यांना दिसतंय, आणि तिच्यासमोर कोणता मुलगा राहतो तेही. वशिला तक्त्यातही चालतो, फक्त तिथे तो आकड्यात लिहितात, म्हणून पकडता येत नाही. पुतण्याच्या फोटोला नऊ देणं सोपं. पण साठ माणसांसमोर उभं राहून त्याच फोटोबद्दल दोन मिनिटं बोलायचं म्हटलं की भल्याभल्यांची जीभ अडखळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तोंडावर बोललं की माणसं दुखावतात. आपल्याकडे तर "वाईटपणा कोण घेणार" हे अर्ध्या कारभाराचं उत्तर असतं. खरंय, दुखावतात. पण पाच गुण मिळून घरी गेलेला माणूसही दुखावलेलाच असतो, त्याला फक्त कशाने ते कळलेलं नसतं. शिवाय प्रत्येक फोटोवर टीका करा असं कुठे म्हणतोय? जे निवडले त्यांच्यावर बोला; ज्याला आपल्या फोटोबद्दल ऐकायचंय त्याने हात वर करावा. लंडनला फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ साली, आणि मुंबईला लगेच १८५४ मध्ये. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही डॉक्टर त्या मुंबईच्या सोसायटीत होते. अशा संस्थांत माणसं जमायची ती आपली कामं दाखवायला आणि रसायनांची देवाणघेवाण करायला. स्पर्धा हे त्या झाडाला नंतर फुटलेलं फळ, आणि आपण झाड विसरलो.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बोलण्यात जो मोठ्या आवाजाचा, ज्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा, त्याचंच चालतं. आमच्या तिघांत तो बहुधा मीच झालो असतो, आणि मग बाईंचं जळमट कुणी ऐकलं असतं, देव जाणे. एवढंच सुचतं की, परीक्षकांत जो सगळ्यात कमी नावाजलेला त्याने आधी बोलावं. मी शेवटी बोलेन. आणि त्याआधी दहा मिनिटं कुणीच काही बोलू नये. प्रिंट खिडकीजवळ नेऊन, हातात धरून, तिरकी करून बघाव्यात. ट्यूबलाइट बंद.

यंदा तीच मंडळी पुन्हा स्पर्धा घेताहेत. तक्ता राहणार आहे, असं कळलं. मात्र गुणांनंतर अर्धा तास चर्चेला ठेवलाय. निकाल आधी, बोलणं नंतर. हे म्हणजे अक्षता पडल्यावर मुलगा बघण्यासारखं आहे, पण मी जाणार आहे.

गिरणीचा फोटो काढणारा मुलगा परवा बाजारात भेटला. मी माझे चार गुण कबूल केले. तो हसला, म्हणाला, "जाऊ द्या सर." प्रिंट त्याने गिरणीवाल्या काकांनाच देऊन टाकली म्हणे. त्यांना आवडली का, असं विचारलं तर म्हणाला, "आवडली, पण बघितल्या बघितल्या चिडले. म्हणाले, अरे, आधी सांगायचं नाही का, जळमटं तरी काढून घेतली असती." आणि लगेच दुसऱ्या दिवशी केरसुणी बांबूला बांधून त्यांनी ती सगळी काढूनही टाकली.